लष्करांतून सुटलेली रायफल



युद्ध संपलें म्हणजे सैनिक घरीं परततो. पण त्याच्या खांद्यावरची रायफल कोठें जाते, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो. तह झाले, सरहद्दी आंखल्या गेल्या, म्हणजे प्रकरण मिटलें असें आपण मानतों. परंतु लक्षावधि शस्त्रें ग्रीसमध्यें माखून कोठारांत पडून राहतात, आणि पुढें बाजारांत येऊन त्यांचें दुसरें आयुष्य सुरू होतें. आज त्या आयुष्याविषयीं, आणि अशी रायफल विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्यानें बाळगावयाच्या विवेकाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. उदाहरण घेतों तें ली-एन्फील्डचें.

तिचा मूळ कल्पक जेम्स पॅरिस ली हा १८३१ सालीं स्कॉटलंडमधील हॉविक गांवीं जन्मला, कॅनडांत वाढला आणि पुढें अमेरिकेंत गेला. हातानें मागेंपुढें सारावयाची खिटी, म्हणजेच बोल्ट, आणि तिच्याखालीं काढतां-घालतां येणारी काडतुसांची पेटी, ही त्याची योजना. १८८८ मध्यें ब्रिटिश सैन्यानें ती ली-मेटफर्ड या नांवानें स्वीकारली. परंतु नव्या धूरविरहित दारूच्या तापानें मेटफर्डच्या उथळ खोबणी लवकर झिजूं लागल्या. म्हणून १८९५ मध्यें नळीला एन्फील्ड पद्धतीच्या खोबणी आल्या, आणि नांव ली-एन्फील्ड झालें. बोअर .३०३ इंच, पेटींत दहा काडतुसें, वजन सुमारें चार किलो. १९०७ सालीं तिचें ‘मार्क तीन’ हें प्रसिद्ध रूप आलें. दोन्ही महायुद्धांत आपल्या मराठा पलटणींच्या खांद्यावरहि ह्याच घराण्यांतील रायफली होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यें स्वयंचलित शस्त्रांकडे वळलीं, आणि जुनीं कोठारें विक्रीस निघालीं. सॅम्युएल कमिंग्स ह्या अमेरिकन व्यापाऱ्यानें १९५३ मध्यें ह्याच धंद्यासाठीं कंपनी काढली. पोटोमॅक नदीकांठच्या अलेक्झांड्रिया शहरांत त्याचीं गोदामें होतीं. टपालानें पैसे पाठवावे आणि रायफल घरपोंच यावी, असा तो काळ. ह्या स्वस्ताईची दुसरी बाजू २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं जगास दिसली. अध्यक्ष केनेडी ज्या रायफलीनें मारले गेले, ती इटालियन सैन्याची जुनी कार्कानो होती. शिकागोच्या एका दुकानानें दुर्बिणीसह तिची किंमत १९.९५ डॉलर जाहीर केली होती. पुढें १९६८ च्या कायद्यानें अशी टपालविक्री आणि परदेशी लष्करी शस्त्रांची आयात बंद केली. १९८० नंतरच्या दशकांत पन्नास वर्षांहून जुन्या, संग्रहयोग्य शस्त्रांना पुन्हां वाट मिळाली.

ह्या मधल्या काळांत रायफलींची स्थिति पालटली. स्वस्तांत मिळते म्हणून शिकाऱ्यांनीं तिचें पुढचें लांकूड करवतीनें कापलें, संगीन अडकविण्याचें टोक काढून फेकलें आणि तिला हलकी करून रानांत नेलें. पुढच्या पिढीला ती दुर्मिळ वाटूं लागली, आणि बापानें कापलेलें लांकूड मुलगा शोधून जोडूं लागला.

हें जोडकाम दिसतें तितकें सोपें नाहीं. घेणारा प्रथम नळींत डोकावून खोबणी शाबूत आहेत कीं नाहींत हें पाहतो. मग शरीरावरचा क्रमांक खिटीवरच्या क्रमांकाशीं ताडतो. कारण प्रत्येक खिटी तिच्या रायफलीस बेतून बसविलेली असते. खिटी आणि नळी यांमधील काडतुसाच्या कांठाची जागा ०.०६४ ते ०.०७४ इंच असावी लागते. ती अधिक झाली तर काडतूस फाटून गोळी झाडणाऱ्यासच इजा होण्याचा संभव. ‘डी.पी.’ हीं अक्षरें दिसलीं तर ती केवळ कवायतीची रायफल समजावी, आणि तिच्यांत गोळी कधींच भरूं नये. रायफल उकलण्याचाहि क्रम आहे. पुढचें लांकूड काढल्यावांचून दस्त्याचा बोल्ट फिरविला तर त्याचें चौकोनी टोंक आंतून तें लांकूड फोडतें, आणि शतकभर टिकलेली वस्तु एका क्षणांत बिघडते. लांकडावरील खळगे ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेकवून वर येतात. त्यावर अळशीचें तेल चोळलें म्हणजे पुरे. कांचकागद मात्र वर्ज्य.

तो वर्ज्य कां, हाच माझ्या आजच्या भाषणाचा गाभा आहे. जुन्या मोडी कागदाची अक्षरें फिकट झालीं म्हणून त्यांवर नवी शाई फिरविणाऱ्यास आपण संशोधक म्हणणार नाहीं. रायफलहि असाच एक दस्तऐवज आहे. हुगळीकांठच्या ईशापूर कारखान्याचीच घ्या. ब्रिटिश अमदानींतील तेथल्या रायफलींवर मुकुट आणि सम्राटाचीं ‘जी.आर.आय.’ हीं अक्षरें आढळतात. स्वातंत्र्यानंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह येतात. १९६२ च्या चिनी युद्धानंतर त्याच कारखान्यानें त्याच जुन्या घडणींत नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल बनविली. त्यांतील पुष्कळशा पुढें अमेरिकन संग्राहकांकडे गेल्या. पॉलिशचें चाक फिरलें कीं हे शिक्के पुसले जातात. अनेक हिंदी रायफलींत पुढचें लांकूड फुटूं नये म्हणून आडवा स्क्रू बसविलेला असतो. अनभिज्ञ मनुष्य तो ‘दोष’ समजून काढतो आणि भोंक बुजवितो. त्याबरोबर कोणा कारागिरानें तें शस्त्र आणखी कांहीं वर्षें चालावें म्हणून घेतलेल्या काळजीचा पुरावाहि बुजतो.

आपल्या देशांत हा छंद सर्वसामान्यांस मोकळा नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं .३०३ हा निषिद्ध बोअर ठरला, आणि परवानाधारकांसाठीं ईशापूरनें .३१५ बोअरची शिकारी रायफल बनविली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं तर २६ जानेवारी २०२० च्या संचलनांत .३०३ ला निरोप दिला. म्हणून आपल्याकडे हें कर्तव्य पलटणींच्या आणि पोलिसांच्या शस्त्रागारांवर, तसेंच वस्तुसंग्रहालयांवर येतें. तेथील व्यवस्थापकांनीं जुनी रायफल पाहुण्यांसाठीं चकचकीत करण्याचा मोह आवरावा.

शस्त्र हें मारण्यासाठींच घडविलें जातें, हें विसरून त्याचें कौतुक करूं नये. आणि म्हणूनच त्याच्या अंगावरची साक्षहि पुसूं नये. गंज काढावा, कारण तो पुढें खात जातो. ओरखडे, शिक्के आणि हातांनीं गुळगुळीत झालेलें लांकूड तसेंच ठेवावें. ज्या शिपायांनीं तें वाहिलें त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोठेंच लिहिलेलीं नाहींत. त्यांच्या हातांची एवढीच खूण उरली आहे.