मोडीतून वाचलेली चांदी

जुन्या चांदीच्या दुकानात हासळी हातात घेतली की विकणारा हमखास सांगतो, ‘दीडशे वर्षांची आहे.’ असेलही. पण भिल्ल, बंजारा किंवा रबारी घरातला दागिना इतकी वर्षं जसाच्या तसा राहणं तसं दुर्मीळच. ही चांदी लग्नात अंगावर चढायची, दुष्काळात गहाण पडायची आणि सासूची कडी आटवून सुनेचे वाळे व्हायचे. मोडीत घातल्यावर वजनाचे पैसे मिळत, घडणावळ मात्र बुडे.

या सगळ्या व्यवहाराचं माप होतं रुपया. 1835च्या कायद्यानं कंपनीचा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅमचा ठरला. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. इंग्रजी अमलातला तोळाही तेवढाच. त्यामुळे खेड्यातल्या सोनाराकडे वेगळी वजनं नसली तरी अडत नसे: एका पारड्यात रुपये, दुसऱ्यात दागिना. गिऱ्हाईक रुपयेच आणून देई आणि सोनार तेच आटवून तोडे घडवी. उलटा रस्ताही खुला होता. टांकसाळीत चांदी दिली की थोडा आकार कापून रुपये पाडून मिळत. 1876-78च्या दुष्काळात दख्खनमधले दागिने मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळीत येऊन आटले ते याच रस्त्यानं.

जून 1893मध्ये सरकारनं हा रस्ता बंद केला. रुपयाची किंमत सरकारी हुकमानं टिकली, चांदीची घसरत गेली. शतक संपताना रुपयाच्या पोटात जेमतेम दहा आण्यांची चांदी उरली होती. तेवढ्यात गुजरात-राजस्थानात छप्पनिया दुष्काळ पडला. वीस तोळ्यांची हासळी घेऊन आलेल्या भिल्लाला वीस रुपयांच्या जवळपासही काही मिळणं शक्य नव्हतं. अंगावरची बँक बुडाली होती, आणि त्या बुडण्याची बातमी डोंगरात कुणी दिली नव्हती.

आज पारख करणाऱ्याला हा इतिहास उपयोगी पडतो तो नाण्यांमुळे. बंजारा हारात कडी डाखून ओवलेला रुपया दिसला की लोक त्यावरचं साल वाचून मोकळे होतात. इथे फसगत होते. 1840चं साल असलेले रुपये 1862पर्यंत पाडले जात होते. 1862चं साल तर पुढे दहा-बारा वर्षं तसंच ठेवलं. त्यापेक्षा राणीची पदवी वाचावी: ‘क्वीन’ 1876पर्यंत, ‘एम्प्रेस’ 1877पासून. शिवाय नाणं फार तर एवढंच सांगतं की हार त्याआधीचा नाही. जुना रुपया नव्या हारात ओवायला कोण अडवतंय? 1940पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, 1947च्या रुपयात तर नुसतं निकेल.

झीज मात्र सहसा खोटं बोलत नाही. वर्षानुवर्षं गळ्यात राहिलेल्या हासळीची आतली बाजू मानेच्या घासानं गुळगुळीत होते, बाहेरची नक्षी फक्त उंचवट्यांवर पुसट होते. पायातल्या कड्यांच्या जोडीत एकमेकांवर आपटणाऱ्या कडा दबलेल्या असतात. औषध लावून काळी केलेली चांदी सगळीकडे सारखीच काळी असते. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते, तिचं वजन चांदीच्या भावानं मोजायचं नाही. डाखाची घट वेगळी. टंच काढला की गिलट लगेच उघडं पडतं. आणि हासळीवर ठसठशीत ‘925’ उमटलेलं दिसलं तर समजावं, ती बहुधा निर्यातीच्या बाजारासाठी घडली आहे. खेड्यातल्या सोनाराला त्या आकड्याचं काम नव्हतं.

ओपी अनट्राख्ट यांच्या 1997च्या जाडजूड ग्रंथासारख्या पुस्तकांनी आणि जयपूरच्या व्यापाऱ्यांनी या दागिन्यांना घडणावळीचा, जमातीचा, वयाचा वेगळा भाव मिळवून दिला. तो शहरात मिळतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या बाजारात सराफ अजूनही काटाच पुढे करतो, आणि चांदी किलोला लाखावर गेल्यापासून दागिना मोडीत घालण्याचा मोह आणखी वाढला आहे.