'शीळ' : एका तबकडीची हकीकत

नागपुराहून अमरावतीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वर्धा जिल्ह्यांतील कारंजा (घाडगे) हें गांव लागतें. १९३० च्या आगेंमागें अशा गांवीं शहरांतील गवयाचा आवाज पोंचावयाचा, तर तो बहुधा पेटींत बंद होऊनच पोंचे. मुंबईस नभोवाणी केंद्र १९२७ सालीं निघालें होतें खरें. पण नागपूरच्या केंद्रासाठीं १९४८ चा जुलै उजाडावा लागला. फोनोला मात्र वीज लागत नसे. किल्ली द्यावी, पोलादी सुई बसवावी, कीं मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी तीन मिनिटें गाऊं लागे. खेड्यापाड्यांत मराठी गाण्याची पेठ उभी राहिली ती या किल्लीच्या जोरावर.

या पेठेवर सत्ता होती नाटकाची. ध्वनिमुद्रिका खपे ती बहुधा रंगभूमीवर आधींच गाजलेल्या पदाची. व्यापाराच्या दृष्टीनें त्यांत शहाणपणही होतें. गाणें लोकांच्या ओठीं बसविण्याचे श्रम नाटक मंडळ्यांचे, आणि तयार पीक कापून नेणें कंपनीचें! ज्या गाण्यामागें नाटक नाहीं, नट नाहीं, प्रसंग नाहीं, असल्या सुट्या कवितेची तबकडी काढणें म्हणजे गिऱ्हाइकापुढें अनोळखी माल मांडणेंच होतें.

हें धाडस झालें तें दोघां वऱ्हाडकरांच्या हातून. कवि ना. घ. देशपांडे आणि गायक गोविंद नारायण उर्फ जी. एन्. जोशी हे दोघेही १९०९ सालीं जन्मलेले, दोघेही बुलढाणा जिल्ह्याचे, आणि दोघांनींही अभ्यासिला तो कायदा. एकानें मेहकरास वकिली चालविली. खामगांवच्या दुसऱ्याला गाण्यानें ओढून नेलें. देशपांड्यांच्या 'शीळ' या कवितेंत राजवाडा नाहीं, पुराणकथा नाहीं. आहे ती रानांत घुमणारी प्रियकराची शीळ, आणि ती ऐकून कासावीस होणाऱ्या गांवच्या तरुणीचें मन. भाषाही तिच्याच तोंडची. जोशांनीं ही कविता गाइली आणि १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत 'हिज मास्टर्स व्हॉइस'नें तिची तबकडी बाजारांत आणली.

तबकडी धडाक्यानें खपली. याचें श्रेय केवळ गोड गळ्याला देणें अपुरें होईल. नाट्यपदाला ऐसपैस बैठक लागे. तीन मिनिटांत त्याचा श्वास कोंडे. भावकवितेचा आटोपशीर घाट मात्र तबकडीच्या मापाचाच निघाला. शिवाय येथें ताना शब्दांना झांकीत नव्हत्या. ज्याला राग ओळखतां येत नसे, त्यालाही बाई काय म्हणते तें कळे! १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांची उतरती कळा अधिकच जाणवूं लागली. त्याच सुमारास कंपन्यांना कवि हा गाण्याचा नवा पुरवठादार सांपडला. पुढें गजानन वाटव्यांसारख्यांनीं हाच मार्ग हमरस्ता केला.

जोशी १९३८ सालीं त्याच कंपनीच्या नोकरींत शिरले. गाणारा मनुष्य टेबलाच्या पलीकडे बसला, हें गाण्याच्या दृष्टीनें भाग्याचेंच म्हटलें पाहिजे. थोर थोर गवयांना मुद्रणासाठीं राजी करणें हें काम कारकुनाला साधणारें नव्हे. १९६७ सालीं त्यांनीं शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काबरा यांच्याकडून संतूर, बांसरी आणि गिटार या वाद्यांवर काश्मिरी मेंढपाळाचा पहांटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस रंगवून घेतला. 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ती लांब तबकडी. देशांत आणि परदेशांतही ती अलोट खपली. रानच्या शिळेनें नांव मिळविलेल्या गायकानें उतारवयांत पुनः रानांतलाच विषय निवडावा, हा योग मोठा गमतीचा.

कवीला मात्र घाई नव्हती. ते मेहकर सोडून कधीं मुंबईस स्थायिक झाले नाहींत. १९८६ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक त्यांना लाभलें तें 'खूणगांठी' या संग्रहाबद्दल. 'शीळ' हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला तो १९५४ सालीं. तोंपर्यंत त्या कवितेची तबकडी घरोघरीं वाजून वीसांवर वर्षें लोटलीं होतीं.