होळीचा सण आणि कुवेतचे गरगियान

आपल्या बेने इस्राएल घरांतून जुनी माणसे सणांची जी नावे घेत, ती आता फारशी कानावर पडत नाहीत. रोश हशानाला नव्याचा सण म्हणत. योम किप्पूरला दरफाळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण. तिशा बआवला बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालांचे बिरडे होई. पुरीमला तर सरळ होळीचा सण म्हणत. उपासाला रोजा हा शब्द होता आणि एलूल महिन्यातल्या उपासांना रमजान म्हणत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ही नावे आपल्या समाजाच्या इतिहासात नोंदवून ठेवली. तो ग्रंथ त्यांनी १८९७ साली लिहिला, पण तो छापला गेला १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, तेल अवीवमध्ये.

ही नावे सांगायला आमच्या पिढीतल्या कित्येकांना संकोच वाटतो. होळी हिंदूंची, रमजान मुसलमानांचा, मग आपले काय, असे कोणी विचारील ही धास्ती. तिला कारणही होते. इस्राएलमध्ये गेलेल्या आपल्या लोकांच्या लग्नांबद्दल तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढल्या. त्यावर आंदोलन झाले, आणि बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे तिथल्या सरकारला १९६४ साली जाहीर करावे लागले. वाद सणांच्या नावांचा नव्हता. पण ज्याच्या शुद्धतेवर एकदा शंका घेतली गेली, तो आपल्या घरातल्या जुन्या वस्तूही झाकून ठेवू लागतो. ही नावे तशीच झाकली गेली.

ती नावे कशी पडली असतील, हे आम्हाला कोकणात राहून कळले नव्हते. ते कळले कुवेतमध्ये.

कुवेत आणि मुंबई यांचा संबंध तेलापेक्षा जुना आहे. कुवेतचे पहिले खनिज तेल १९४६ साली जहाजावर चढले. त्याआधी कुवेतची गलबते बसऱ्याकडचा खजूर घेऊन मुंबईला आणि खाली मलबारला येत, आणि परतताना सागवान, तांदूळ, मसाले नेत. तिथले मोतीही मुंबईच्या बाजारात विकले जात. १९६१ साली कुवेतचा दिनार आला, तोवर तिथे रुपयाच चालत असे. म्हाताऱ्या कुवेती बायका पैशांना अजून ‘बैझात’ म्हणतात. तो आपला पैसाच. पंख्याला ‘बंका’ म्हणतात, तोही आपलाच पंखा.

१९९१ च्या लढाईनंतर कुवेतच्या दवाखान्यांना नर्सेस हव्या होत्या. भारतातून गेल्या त्यात केरळच्या मुली सर्वांत जास्त होत्या. मुंबईहून गेलेल्या थोड्या, आणि त्या थोड्यांत आम्ही. आमचे आडनाव गावावरून पडलेले आणि ‘कर’ने संपणारे, त्यामुळे तिथे आम्हाला सगळे महाराष्ट्रीयनच समजत. आम्हीही त्यापलीकडे काही सांगत नसू. त्या देशात आपले प्रार्थनाघर नव्हते, आणि आपण कोण हे मोठ्याने सांगण्यासारखी हवाही नव्हती. शब्बाथचा दिवा घरात, पडदा ओढून लागे.

तिथे पहिल्याच रमजानात आम्ही गरगियान पाहिले. रमजानच्या तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या रात्री मुले गळ्यात पिशव्या अडकवून घरोघर जातात. मुलगे लांब दिशदाशा घालतात, वरून बिनबाह्यांचे बंडीसारखे ‘सिदैरी’, डोक्यावर विणलेली टोपी. मुलींच्या डोक्यावर ‘बुखनक’, म्हणजे जरीकाम केलेले काळे वस्त्र. हातात डफासारखे काही वाजवायला. दारात उभे राहून गाणे म्हणायचे. मुलग्यांचे गाणे वेगळे, मुलींचे वेगळे. मुलगे गाण्यात त्या घरच्या मुलाचे नाव घेऊन, देवा, याला त्याच्या आईसाठी सुखरूप ठेव, असे मागतात. मग घरची बाई टोपली घेऊन बाहेर येते आणि प्रत्येक पिशवीत मूठमूठ घालते: शेंगदाणे, चणे, अक्रोड, सुके अंजीर, साखरेत घोळलेले बदाम. सूक मुबारकिया या जुन्या बाजारात त्या आठवड्यात या खाऊच्या राशी लागतात.

हाच खेळ आखाताच्या काठाने वेगवेगळ्या नावांनी चालतो. बहरीनमध्ये गरगाऊन, कतारमध्ये गरंगाओ, ओमानमध्ये करनकशूह, बगदादकडे मजीना. नावाचा अर्थ जो तो आपापल्या परीने लावतो.

ते पाहून आमच्या डोळ्यांपुढे रायगडचा शिमगा आला. तिथेही पोरे दारोदार जाऊन पोस्त मागतात, होळीसाठी लाकडे मागतात, आरडाओरडा करतात, आणि त्या दिवसांपुरते त्यांना कोणी रागे भरत नाही. पुरीमलाही मुलांना गोंगाट करण्याची मोकळीक असते. एस्तेरचे पुस्तक वाचताना हामानाचे नाव आले की पाय आपटायचे, खुळखुळे वाजवायचे, शेजाऱ्यांना खाऊची ताटे पाठवायची, गरिबांना दान द्यायचे. तिन्ही ठिकाणी कथा निराळी, देवाचे नाव निराळे, पण मुलांच्या वाट्याला आलेले काम एकच.

आणि रात्रही एकच. पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, होळी फाल्गुन पौर्णिमेला, गरगियान रमजानच्या मध्यावर. तिन्ही पंचांगे चंद्रावर चालतात, म्हणून तिन्ही रात्री चांदण्याच्या. गल्लीत दिवे नव्हते, तेव्हा लहान मुलांना अंधारात घरोघर पाठवायचे तर पौर्णिमेसारखी सोय नाही. आपल्याकडे कोजागिरीला रात्रभर जागतात तेही याच हिशेबाने. विजेचे दिवे आले आणि या सोयीचे महत्त्व आपण विसरलो.

तिन्ही पंचांगांत एक फरक आहे. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. हिंदू पंचांगात साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो. आपल्या पंचांगात एकोणीस वर्षांत सात वेळा अदार महिना दोनदा येतो. म्हणून पुरीम आणि होळी बहुतेक वर्षी एकाच पौर्णिमेला पडतात, आणि कधी महिन्याचे अंतर राहते, जसे २०२१ साली राहिले. कोकणातल्या आपल्या पूर्वजांजवळ छापील पंचांग नव्हते. शेजाऱ्याची होळी पेटली की आपला सण आला, हे त्यांना दिसत होते. सणाला होळीचे नाव पडले ते त्या पौर्णिमेवरून, असे आम्हाला वाटते. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलुखात मुसलमान शेजारी रोजे धरत होते, म्हणून आपल्या उपासालाही त्यांचा शब्द आला. उपास मात्र आपलाच राहिला.

कुवेतमध्ये हे आम्ही अंगाने अनुभवले. १९९१ साली २८ फेब्रुवारीला लढाई थांबली, तो दिवस पुरीमचा होता आणि त्याच संध्याकाळी महाराष्ट्रात होळ्या पेटल्या. कुवेतमध्ये तेव्हा सहाशेहून अधिक तेलविहिरी जळत होत्या. शेवटची विहीर विझायला नोव्हेंबर उजाडला. पुढच्या वर्षी, १९९२ साली, पुरीम गुरुवारी १९ मार्चला आला, होळी १८ मार्चला, आणि रमजानचा मध्यही त्याच दिवसांत. बुधवारी आमचा एस्तेरचा उपास. वॉर्डात सगळेच उपाशी, त्यामुळे सिस्टर आज जेवली का नाही, असे कोणी विचारले नाही. त्या देशात राहून आमचा एक उपास असा उघड्यावर, सगळ्यांच्या बरोबरीने झाला, आणि तरी कोणाला तो कळला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र अडचण. पुरीमचे जेवण दिवसाउजेडी करायचे असते, आणि रमजानात दिवसा उघड्यावर खाणेपिणे कुवेतमध्ये १९६८ च्या कायद्याने गुन्हा आहे. आम्ही घरात, दार लावून पुरणपोळी खाल्ली. होळीच्या सणाला दरफाळणी करावी लागली, असे आमच्यातली एक म्हणाली आणि आम्ही हसलो.

त्या पोळ्यांतल्या काही सूर्यास्ताआधी शेजारी गेल्या. कुवेतमध्ये रमजानात घरच्या पदार्थाची थाळी शेजारी पाठवण्याची रीत आहे. तिला ‘नगसा’ म्हणतात. आमच्या मजल्यावरच्या एका आजीबाईंकडून आधी हरीस आले होते, म्हणजे गहू आणि मांस घोटून केलेला पदार्थ. ते मांस आपल्या नियमाचे नाही म्हणून आम्ही खाल्ले नाही, वॉर्डातल्या आयांना दिले. पण भांडे रिकामे परत करायचे नाही हे आमच्या आईने शिकवलेले, आणि ते त्यांच्यातही तसेच. पोळी पाहून आजीबाईंनी विचारले, हे कोणत्या सणाचे? आम्ही म्हटले, होळीचे. ते खोटे नव्हते. आमच्या आजीनेही तेच उत्तर दिले असते. त्या दिवशी त्या जुन्या नावाने आमची लाज राखली आणि आमचा सणही राखला.

मुलांच्या वॉर्डात गरगियानच्या पिशव्या आम्हीच भरत असू. नर्सच्या नजरेने सांगायचे तर त्या पिशव्यांत धोकाही असतो. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे आणि बदाम द्यायचे नाहीत, ते श्वासनलिकेत अडकतात. लहान मुलांमधल्या मधुमेहाचे प्रमाण ज्या देशांत सर्वांत जास्त आहे, त्यांत कुवेत मोडतो. म्हणून इन्सुलिनवरच्या मुलांच्या पिशवीत खेळणे, रंगखडू, स्टिकर घालायचे आणि खाऊ मोजून. पण पिशवी प्रत्येकाला मिळाली पाहिजे. आजारी मूल दारोदार जाऊ शकत नाही, म्हणून त्या रात्री दारच त्याच्याकडे चालत जाते.

थोरांचे खेळही दोन्हीकडचे मिसळलेले. रमजानच्या रात्री पुरुष दिवाणियात, म्हणजे घराच्या बैठकीत, उशिरापर्यंत बसतात. तिथे आपला कॅरम चालतो. पत्त्यांचा त्यांचा आवडता डाव ‘कूत बू सित्ता’: सहा जण, तीन-तीनांचे दोन गट, जोकरांसह चोपन्न पाने, प्रत्येकी नऊ. मेंढीकोट खेळलेल्या मराठी माणसाला ‘कूत’ हे नाव परके वाटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या कुवेत शहरात इराकी यहुद्यांची छोटी वस्ती होती, त्यांचे प्रार्थनाघरही होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ती वस्ती उठली. सालेह आणि दाऊद अल-कुवेती हे दोघे भाऊ तिथलेच. सालेह व्हायोलिन वाजवीत, दाऊद ऊद वाजवीत आणि गात. मुलपणी ते कुवेतचे गाणे शिकले, पुढे बसरा आणि बगदादला गेले, १९३६ साली बगदाद रेडिओच्या वाद्यवृंदात होते आणि १९५१ साली इस्राएलला गेले. आडनाव शेवटपर्यंत कुवेतीच ठेवले. गावाचे नाव आडनावात सांभाळणारे आपण एकटेच नाही.

आपल्या पूर्वजांनी शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि शेमा इस्राएल सोडले नाही. शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून तर त्यांना शनवार तेली म्हणत. जे सोडायचे नाही ते पक्के होते, म्हणूनच नावे, पदार्थ आणि मुलांचे खेळ शेजाऱ्यांकडून घेताना ते घाबरले नाहीत. घेतले तसे दिलेही. ज्याचे घर पक्के असते तोच दार उघडे ठेवू शकतो.

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी होळी, पुरीम आणि गरगियान पुन्हा एका पौर्णिमेला आले. २०२७ मध्ये रमजान पुढे निघून जाईल आणि मग तीस वर्षे तरी हा योग नाही. तेव्हा आम्ही नसू. घरात नव्वदीची आजी असेल तर आजच तिला विचारून ठेवा, पुरीमला तुमच्याकडे काय म्हणत आणि त्या दिवशी ताट कोणाकोणाच्या घरी जाई. नावे लिहून ठेवा, शेजाऱ्यांचीही.