वस्तऱ्याची शेवटची सहाण

बारा बलुतेदारांपैकी न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी आणि आरसा असे. संत सेना महाराजांनी याच हत्यारांची रूपके करून अभंग रचला. त्यात आरसा आहे, चिमटाही आहे. मात्र ज्याच्यावाचून वस्तरा निरुपयोगी, तो धारेचा दगड नाही. हा #थ्रेड त्या दगडाविषयी.

वस्तऱ्याला धार एका दगडावर येत नाही. खरबरीत दगड पाते झिजवून धारेचा कोन बसवतो, पण त्याचबरोबर लोखंडावर बारीक चरे पाडतो. त्या चऱ्यांमुळे धार सूक्ष्म करवतीसारखी होते आणि गालाची साल काढते. शेवटच्या सहाणेचे काम लोखंड काढण्याचे नसते. चरे पुसण्याचे असते. म्हणून ती जितकी मंद, तितकी चांगली.

पद्धत साधी, पण हात स्थिर हवा. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवायची. कोन पाठीची जाडीच ठरवते. दगडावर धार पुढे ठेवून पाते सरकवायचे. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर नेमके उलट, पाठ पुढे. येथे चूक झाली की दगडावर कमावलेले सारे पट्ट्यावर गमावते. दगडावर पाणी किंवा तेल, दोहोंपैकी एकच. तेल प्यायलेला दगड पुन्हा पाण्याचा होत नाही.

आपल्याकडे धारेसाठी प्रसिद्ध दगड म्हणजे कुरुंद. संस्कृत ‘कुरुविंद’, तमिळ ‘कुरुंदम’. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्द दक्षिण भारतातूनच गेला. १७९८ मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या आशियाई दगडावर निबंध प्रसिद्ध केला. कठीणपणात तो हिऱ्याच्या खालोखाल. कुरुंदाची पूड लाखेत बसवून फिरती चाके बनत. तलवारी-सुऱ्यांना झिलई देणाऱ्या शिकलगारांचे नावही ‘सैकल’, म्हणजे झिलई, या अरबी शब्दावरून आले. परंतु कुरुंदाचे कण टोकदार असतात. तलवारीला ते चालते, गालाला नाही.

आता फैजपूरकडे पाहा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, पायाखाली खोल गाळाची काळी जमीन. केळीला उत्तम, सहाणेला निरुपयोगी. खानदेशातला खडक म्हणजे बेसॉल्ट. त्यात पोकळ्या आणि निरनिराळ्या जाडीचे स्फटिक. त्यावर कुऱ्हाड-विळा पाजळता येतो, वस्तऱ्याचा शेवटचा हात नाही. साहजिकच एकसारख्या बारीक कणांचा दगड हाती आला, तर तो जपण्याची वस्तू. (फैजपूरला लागूनच न्हावी नावाचे गाव आहे. नावावरून इतिहास काढण्याचा मोह आवरलेला बरा!)

युरोपात हे दगड व्यापाराची वस्तू होते. बेल्जियममधील पिवळसर ‘कोटिक्यूल’मध्ये गार्नेटचे अतिसूक्ष्म, गोलसर कण असतात, ते कापतात, पण खोल ओरखडत नाहीत. अमेरिकेतील आर्कान्साच्या दगडाला भूवैज्ञानिकांनी ‘नोव्हाक्युलाइट’ म्हटले. लॅटिनमध्ये ‘नोव्हाक्युला’ म्हणजे वस्तरा.

ही धार कोणावर चालवायची आणि कोणावर नाही, हा प्रश्न मात्र दगडाचा नव्हता. विधवांचे केशवपन याच वस्तऱ्याने होई. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेऊन ते काम न करण्याचा निर्धार केला. ज्यांची रोजी वस्तऱ्यावर, त्यांनीच तो खाली ठेवला. सुधारकांच्या कित्येक व्याख्यानांहून ही कृती मोठी होती.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. सेना महाराजांच्या अभंगात चारही वर्णांची सेवा आहे. अस्पृश्यांना मात्र न्हावी मिळत नसे. साताऱ्यात लहानपणी आपले केस थोरली बहीण कापत असे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आत्मकथनात लिहिले आहे. न्हावी अस्पृश्यांना शिवत नसत, हेही तिथेच.

१९०४ मध्ये किंग जिलेट यांना सेफ्टी रेझरचे अमेरिकन पेटंट मिळाले. पाते पातळ, स्वस्त, बोथट झाले की फेकायचे. पुढे रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने सलूनमध्येही प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते आले. आज कारागीर ब्लेड मधोमध मोडून अर्धे मुठीत बसवतो. त्या मुठीला गिऱ्हाईक अजून वस्तराच म्हणते. धोकटीत दगड मात्र उरलेला नाही.