सहा वीस ते सात वीस

२६ मे २०१४, संध्याकाळ. राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात गोपीनाथ मुंडे केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेतात. ग्रामविकास खातं त्यांच्याकडे येतं. त्यांच्या बीड जिल्ह्यात सत्काराची, विजयी सभेची तयारी सुरू होते.

३ जून, मंगळवार, सकाळी सहानंतर. मुंडे दिल्लीतल्या घरून विमानतळाकडे निघतात. आधी मुंबई गाठायची, मग बीड. गाडी मारुती एसएक्स-४, सोबत चालक आणि सहाय्यक. मुंडे मागच्या सीटवर. पट्टा लावलेला नाही.

यात त्या दिवसापुरतं वेगळं काहीच नव्हतं. आपल्याकडे मागची सीट साहेबांची. पट्टा लावायचा तो चालकाने, फार तर त्याच्या शेजारच्याने, आणि तोही पुढे हवालदार दिसला तर. मागच्या पट्ट्यांची बकलं सीटकव्हरखाली दाबून टाकलेली असतात. मोटार वाहन नियमांतला १३८ (३) हा नियम मागच्या प्रवाशालाही पट्टा सक्तीचा करतो आणि तेव्हाही करत होता. त्यासाठी कुणाला दंड झाल्याचं मात्र तेव्हा सहसा ऐकू येत नसे.

६.२० च्या सुमारास. रस्ते जवळजवळ मोकळे. पृथ्वीराज रोड आणि तुघलक रोड मिळतात त्या चौकात एक इंडिका येऊन आदळते, मुंडे बसले आहेत त्याच बाजूला. नंतरच्या फोटोंत गाडीचा चेंदामेंदा दिसत नाही, दिसते ती पोचा पडलेली एक बाजू. पुढे घातपाताच्या शंका आल्या त्यातल्या बऱ्याच याच फोटोंवरून. एवढ्याशा धडकेने माणूस जातो कसा? सीबीआयने तपास केला आणि हा अपघातच असल्याचा निष्कर्ष काढला.

पण प्रश्न चुकीचा नव्हता. एका अपघातात तीन टकरी होतात. गाडी गाडीवर आदळते. मग आतला माणूस दारावर किंवा पुढच्या सीटवर आदळतो. आणि तिसरी टक्कर कुणालाच दिसत नाही. शरीर थांबतं, पण आतलं यकृत, प्लीहा, मेंदू त्याच वेगाने पुढे जातात. यकृत रक्ताने भरलेलं असतं. ते फाटलं की रक्त पोटातच साचत जातं, कपड्यावर थेंबही दिसत नाही.

६.२० ते ६.३०. मुंडे सहाय्यकाकडे पाणी मागतात आणि दवाखान्यात न्यायला सांगतात. चालक आणि सहाय्यक त्यांना एम्सच्या ट्रॉमा सेंटरला नेतात.

या दहा मिनिटांपाशी थांबायला हवं, कारण सामान्य माणसाची गाठ पडते ती याच वेळेशी. जखमी बोलतोय, म्हणजे वाचला, असं बघ्यांना वाटतं. उलट रक्त कमी होऊ लागलं की तहान लागते आणि पाणी मागणं हीच धोक्याची खूण असू शकते. अशा वेळी पाणी पाजायचं नाही. शस्त्रक्रिया लागली तर भरलं पोट अडचणीचं होतं, आणि शुद्ध हरपत असेल तर पाणी श्वासनलिकेत जातं. आपल्याकडे मात्र अपघातात पहिला धावतो तो बाटली घेऊन. दुसरा बगलेत हात घालून जखमीला बाहेर ओढतो. गाडी पेट घेण्याचा किंवा मागून वाहन येऊन आदळण्याचा धोका असेल तर ओढावंच लागतं. नसेल तर डोकं आणि मान एका रेषेत धरून ठेवायची, वाहत्या जखमेवर कापड दाबून धरायचं आणि १०८ ला फोन करायचा.

६.३०. ट्रॉमा सेंटर. श्वास नाही, नाडी नाही, रक्तदाब नाही. डॉक्टर छातीवर दाब देऊन हृदय सुरू करण्याचे प्रयत्न करतात. पाऊण तासाहून जास्त वेळ.

७.२०. मृत्यू जाहीर होतो. वय ६४.

शवविच्छेदनात यकृताची इजा, पोटातला रक्तस्राव आणि मानेच्या मणक्यांची मोडतोड पुढे येते. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन म्हणाले की पट्टा लावला असता तर मुंडे वाचले असते. बाजूने बसलेल्या धडकेत पट्टा समोरासमोरच्या धडकेइतकं काम करत नाही, त्यामुळे एवढ्या खात्रीने मला म्हणवणार नाही. मात्र धडकेनंतरच्या वेळेत बोट ठेवायला फारशी जागा नाही. दहा मिनिटांत देशातल्या उत्तम ट्रॉमा सेंटरचं दार गाठलं गेलं. इजा झाल्यापासूनच्या पहिल्या तासाला मोटार वाहन कायद्यात आता ‘गोल्डन अवर’ म्हटलं आहे. इथे त्या तासातली पहिली दहाच मिनिटं खर्ची पडली होती, तरी ती पुरली नाहीत.

४ जून. परळीत अंत्यसंस्कार. अग्नी मुलगी पंकजा देते.

३० मार्च २०१६. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला पोलिसांनी अडकवून ठेवायचं नाही, नाव सांगायची सक्ती करायची नाही, या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालय शिक्कामोर्तब करतं. २०१९ च्या दुरुस्तीने हे संरक्षण कायद्यात येतं, कलम १३४अ. त्याच दुरुस्तीत पट्ट्याचा दंड शंभरावरून हजारावर जातो. ‘कशाला कोर्टाच्या फेऱ्या’ म्हणत गाडी पुढे काढणारे आजही दिसतात, त्यांच्यापर्यंत हे संरक्षण अजून पोचलेलं नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतच्या रोकडरहित उपचारांची केंद्राची योजनाही आहे.

४ सप्टेंबर २०२२, रविवार दुपार. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीज कठड्याला धडकते. पुढे बसलेले दोघं गंभीर जखमी होतात, पण वाचतात. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावतात. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलीस सांगतात.

१ नोव्हेंबर २०२२. मुंबईत गाडीतल्या सगळ्यांनाच पट्टा सक्तीचा झाल्याचं पोलीस जाहीर करतात. वर्तमानपत्रं ‘नवा नियम’ म्हणून बातमी छापतात.