एकशेबासष्टच्या पोटात

डी स्क्वेअर भागिले एकशेबासष्ट. बांधकामावरच्या कुठल्याही सुपरवायझरला झोपेतून उठवून विचारा, सळईच्या वजनाचं हे सूत्र तो म्हणून दाखवील. साइटवर स्टोअर सांभाळत असताना नव्यानं आलेल्या डिप्लोमावाल्या पोरांना मी पुढचा प्रश्न विचारायचो: हे १६२ आलं कुठून? तिथं बहुतेकांची गाडी अडायची.

व्यास मिलिमीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये, वजन किलोत आणि पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो, एवढं सगळं त्या आकड्यानं गिळलेलं आहे. व्यासाचा वर्ग पायनं गुणून चारनं भागा, चौरस मिलिमीटरचे चौरस मीटर करायला दहा लाखांनी भागा, घनतेनं गुणा. शेवटी भाजक उरतो तो १६२. लांबी फुटात धरली तर तोच भाजक ५३३ च्या घरात जातो. दोन्ही आकडे साइटवर चालतात. एका वहीत हा, दुसऱ्या वहीत तो, आणि एककं कुठंच लिहिलेली नाहीत. १६२ चं सूत्र धरून लांबीच्या जागी ४० फूट घातले की दहा एमएमची साडेसात किलोंची सळई पंचवीस किलोंची होते. असली चूक मात्र लगेच पकडली जाते, कारण हमालही हसतो. खरा घात होतो तो पाच-दहा टक्क्यांच्या चुकीनं, आणि तिचा उगम जुना आहे.

जुने मिस्त्री सुतात बोलायचे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. हा हिशेबही सुटसुटीत होता: सुतांच्या वर्गाला २४ नं भागलं की फुटामागं वजन पौंडांत मिळतं. चार सुताची सळई, सोळा भागिले चोवीस, फुटाला दोन तृतीयांश पौंड. पण हे पोलादाचं झालं. त्याआधीचं घडीव लोखंड घनफुटाला ४८० पौंड धरत, पोलाद ४९० च्या आसपास. इंचभर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस फुटाला ४० पौंड, तर पोलादी ४०.८. लोखंडाचं कोष्टक पोलादाला लावणाऱ्याचा हिशेब तिथंच दोन टक्के चुके.

वजनांचा गोंधळ तर विचारूच नका. मुंबईचा मण २८ पौंडांचा, सरकारी मण ८२ पौंडांच्या वर, आणि मुंबईतली कापसाची खंडी ७८४ पौंडांची. (कापसाचा भाव आजही खंडीवरच बोलतात, फक्त ती ३५६ किलोंची म्हणून.) १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५७ च्या एप्रिलपासून नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो टप्प्याटप्प्यानं बाजारात उतरला. लोखंडवाल्यांचा टनही तेव्हा गुपचूप बदलला. इंग्रजी टन २२४० पौंडांचा, म्हणजे १०१६ किलो. नवा नेमका हजारचा. माझ्या मते या कायद्यानं देशाचं भलंच केलं, पण त्यानं वजनं बदलली, तोंडातल्या सवयी बदलल्या नाहीत.

म्हणून दहा एमएमला आजही तीन सूत म्हणतात आणि बारा एमएमला चार सूत. खरे तीन सूत भरतात ९.५२५ मिलिमीटर, चार सूत १२.७. व्यासात हा फरक नखाएवढा, पण वजनात व्यासाचा वर्ग येतो, त्यामुळं चूक दुपटीच्या आसपास वाढते. खऱ्या तीन सुतापेक्षा दहा एमएम दहा टक्के जड, आणि खऱ्या चार सुतापेक्षा बारा एमएम अकरा टक्के हलकी. एका ठिकाणी गिऱ्हाइकाचा फायदा, दुसऱ्या ठिकाणी तोटा. आठ एमएमची अडीच सूत आणि सोळाची पाच सूत मात्र जवळजवळ तंतोतंत जुळतात, आणि त्यामुळंच बाकीच्यांवरही भरवसा बसतो.

पीळदार किंवा टीएमटी सळईला व्हर्नियर लावून उपयोग नाही. तो कधी कंगोऱ्यावर बसतो, कधी दोन कंगोऱ्यांमधल्या खाचेत. तिची जाडी काढायची ती वजनावरून. भारतीय मानक १७८६ मध्ये रीतच दिली आहे: किलोतलं वजन भागिले (०.००७८५ गुणिले मीटरमधली लांबी), की छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये मिळतं. एकदा दहा एमएमच्या मालातला बरोबर मीटरभराचा तुकडा कापून मी काट्यावर टाकला. भरला ५६० ग्रॅम. ग्रॅमचे किलो करून ०.५६ गुणिले १६२, वर्गमूळ काढलं, तर व्यास ९.५२. हुबेहूब तीन सूत! दहा एमएमचं प्रमाण वजन मीटरला ६१७ ग्रॅम, आणि एकट्या नमुन्यात मानक आठ टक्क्यांपर्यंतची घट चालवून घेतं; ही नऊच्या पुढं होती. माल परत गेला. पुरवठादार शेवटपर्यंत म्हणत राहिला, "साहेब, तीन सूतच तर मागवली होती." त्याचं अगदीच चूक होतं असं नाही.

घर बांधत असाल तर ऑर्डरमध्ये सूत लिहू नका, मिलिमीटर लिहा. दर नगावर नको, किलोवर ठरवा आणि गाडी भुईकाट्यावरून आणा. मीटरभर तुकडा वाण्याच्या काट्यावरही तोलता येतो. वहीत १६२ लिहिलंत तर शेजारी मिलिमीटर, मीटर, किलो हेही लिहून ठेवा.