घरात राहावयास आलेले चित्र

नव्या घराच्या दिवाणखान्यात एखादे अमूर्त चित्र असावे, असे अलीकडे पुष्कळांच्या मनात येते. पण प्रत्यक्ष निवड करावयाची वेळ आली, की मन कचरते. उद्या पाहुण्याने ‘हे काय आहे?’ असे विचारले, तर सांगावयाचे काय? राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी घरोघरी लागल्या, तेव्हा हा प्रश्न उद्भवला नाही, कारण त्यांचा अर्थ चित्राच्या आधीच घरात आलेला होता. अमूर्त चित्र असा आयता अर्थ बरोबर आणत नाही. तथापि रेखीव आकृतीवाचून अर्थ असू शकतो, ही गोष्ट आपल्याला नवी नव्हे. गावोगावच्या देवळांत शेंदराने माखलेला तांदळा असतो. त्याचे नाकडोळे कोरलेले नाहीत, म्हणून कोणी हात न जोडता माघारी फिरत नाही.

युरोपात या कलेच्या आरंभाशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या वासिली कांडिन्स्की या रशियन चित्रकाराने 1913 साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत एक अनुभव नोंदवला आहे. म्युनिकमध्ये असताना तो एका तिन्हीसांजेला आपल्या चित्रशाळेत परतला, तो भिंतीशी एक विलक्षण सुंदर चित्र उभे! त्यात ओळखीची एकही वस्तू दिसेना. दिसत होते ते केवळ रंग आणि आकार. जवळ जाऊन पाहिले, तर ते त्याचेच चित्र होते, आडवे ठेवलेले. दुसऱ्या दिवशी लख्ख उजेडात त्याने तोच आनंद पुन्हा मिळवू पाहिला. तो मिळाला नाही, कारण आता त्यातील वस्तू ओळखू येत होत्या. आपल्या चित्रांना वस्तूच बाधक ठरतात, हे त्याला त्या प्रसंगाने उमगले. चित्र निवडणाऱ्यालाही हा प्रसंग उपयोगी आहे. मंद प्रकाशात, शीर्षक न वाचता, जे चित्र डोळ्याला धरून ठेवते, त्याच्याकडे पुन्हा वळून पाहावे.

परंतु असे चित्र घरात नांदवावयाचे कसे? त्यासाठी इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका घराचा इतिहास पाहण्यासारखा आहे. जिम ईड हे गृहस्थ लंडनच्या टेट गॅलरीत 1936 पर्यंत नोकरीस होते. ते धनिक नव्हते. बेन निकल्सनसारख्या, त्या काळी फारसे गिऱ्हाईक नसलेल्या चित्रकारांशी त्यांची मैत्री होती, आणि त्या मैत्रीतूनच त्यांचा संग्रह वाढला. निकल्सनची कित्येक चित्रे तर कापड आणि चौकट यांच्या खर्चाएवढ्या किमतीत त्यांना मिळाली. 1957 मध्ये पडीक अवस्थेतील चार छोटी घरे एकत्र जोडून त्यांनी ‘केटल्स यार्ड’ हे आपले बिऱ्हाड थाटले. विद्यापीठाचे सत्र चालू असताना रोज दुपारी हे घर विद्यार्थ्यांना खुले असे. दाराची घंटा वाजवावी आणि आत यावे!

या घरात चित्रांखाली नावांच्या पट्ट्या नाहीत. काही चित्रे जवळजवळ जमिनीलगत टांगलेली आहेत, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नजरेला ती सहज भेटतात. नदीकाठचे वा समुद्रावरचे गोटे, काचेची भांडी, जुने लाकूड यांना तेथे चित्रांच्या बरोबरीचा मान आहे. होआन मिरो याच्या 1927 मधील एका छोट्या चित्रात एक पिवळा ठिपका आहे. ईड यांनी त्या चित्राजवळच कथलाच्या ताटलीत एक लिंबू ठेवले. बस्स, एवढेच! तो ठिपका चित्रात का हवा आणि बोटाने झाकला तर काय हरवते, हे ते विद्यार्थ्यांना या लिंबाच्या साह्याने समजावून देत. अमूर्त चित्रावरील कित्येक जाड ग्रंथांपेक्षा ते लिंबू मला अधिक बोलके वाटते. पडद्यांच्या रंगाशी जुळणारे चित्र विकत आणण्याची जी रीत आज रूढ होत आहे, तिच्या हे नेमके उलट आहे. येथे चित्र आधी आले, आणि घर त्याच्याकडून शिकत गेले.

चित्र आणि किंमत यांचा घोटाळा आपल्याकडेही कमी नाही. 1924 साली नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले वासुदेव गायतोंडे हे आपले थोर चित्रकार. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना रुचत नसे. रोलर आणि रंगाची सुरी यांनी रंगाचे थर चढवीत आणि खरवडीत ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करीत. बाकीचा वेळ पाहण्यात आणि वाट पाहण्यात जाई. 2001 मध्ये ते निवर्तले. पुढे 2013 साली मुंबईतील लिलावात त्यांचे एक चित्र 23 कोटींहून अधिक रुपयांना विकले गेले, आणि ज्यांनी त्यांचे नावही ऐकले नव्हते, त्यांना एकाएकी त्यांच्या पिवळ्या-तपकिरी शांततेत अर्थ दिसू लागला! त्या चित्रासमोर उगाच दहा मिनिटे बसावे, असे त्यांतील कितीजणांना वाटले असेल?

सामान्य संसारी माणसाला एवढी चित्रे परवडणार नाहीत, हे उघडच आहे. पण कलाशाळांच्या वार्षिक प्रदर्शनांत तरुणांची चित्रे बेताच्या किमतीत मिळतात. तेथे पहिल्या फेरीत खरेदी करू नये. घरी परतावे आणि चार दिवसांनी कोणते चित्र मनात उरले आहे, ते पाहावे. शक्य असेल तर चित्रकाराला विचारून ते काही दिवस घरी ठेवून घ्यावे. ईड यांनीही हेच केले. आपल्या संग्रहातील चित्रे ते विद्यार्थ्यांना एकेका सत्रासाठी खोलीत लावावयास उसनी देत. 1966 साली घर आणि संग्रह त्यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या स्वाधीन केला, तरी हा प्रघात मोडला नाही. वर्षारंभी विद्यार्थी येतात, आपल्या पसंतीचे चित्र काखोटीस मारून नेतात, आणि परीक्षेच्या काळजीत, थंडीच्या काळोख्या दुपारी, मित्रांच्या गप्पांत ते भिंतीवर त्यांच्या सोबतीला असते.